मुक्त व्यापार आणि गरिबाची भाकरी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)





चिटणीससाहेबांनी मला "बदलते जग आणि आपली मुले" हा विषय दिला होता. हा विषय एवढा मोठा आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि म्हणूनच त्यावर बोलणे धोक्याचे आहे. मी त्यातला एकच तुकडा उचलला आहे. तो मला वर्गात एका मुलीने दिला.

गेल्या वर्षी रमजान ईद नुकतीच झाली होती. दहावीच्या वर्गात मी जागतिकीकरणाविषयी शिकवत होतो. देशादेशांतील व्यापारावरची बंधने उठली की स्पर्धा वाढते, स्पर्धा वाढली की ग्राहकाला स्वस्त आणि चांगला माल मिळतो, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "सर, माझ्या भावाला ईदला शर्ट घेतला त्याच्या कॉलरमागे 'मेड इन बांगलादेश' लिहिलंय. शर्ट स्वस्त मिळाला. पण आमच्या अब्बांचे लूम बंद पडले. तिकडून स्वस्त कपडे येतात म्हणून बंद पडले का?"

मी तिला पुस्तकातले उत्तर दिले. काही उद्योगांना सुरुवातीला झळ पोहोचते, पण एकंदरीत देशाचा फायदा होतो, वगैरे. ती "हो सर" म्हणून खाली बसली. शिक्षकाला आपले उत्तर कधी खोटे पडले हे मुलांच्या चेहऱ्यावरून कळते. त्या दिवशी मला ते कळले. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

हा प्रश्न मला परका नाही. माझे वडील भिवंडीत यंत्रमागावर मजूर होते. मी लहान असताना दुपारचा डबा घेऊन कारखान्यात जात असे. माग चालू असताना दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावे लागे. बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. सूत तुटले, वीज गेली, मालकाने बीम वेळेवर आणला नाही, तर मीटर पडत नसत आणि मजुरीही पडत नसे. आज अब्बांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. पुढे त्यांचा कारखाना बंद झाला आणि माग किलोच्या भावाने भंगारात गेले. आमच्या घरात तेव्हा सगळे म्हणत, "बाहेरच्या मालाने मारले."

मोठेपणी मी त्याचा जरा नीट विचार केला. मागांची जात जुनी होती; धोटा इकडून तिकडे फेकणारे ते साधे माग. बिनधोट्याच्या नव्या मागांपुढे ते टिकणारे नव्हते, आणि ते नवे माग काही फक्त परदेशात नव्हते, आपल्याच देशात होते. सुताचे भाव आठवड्याला बदलत. विजेचे बिल वाढत होते. उरलेल्या कारखान्यांवर २०१६ ची नोटाबंदी आली, पाठोपाठ २०१७ चा जीएसटी आला. बाहेरचा माल हेही एक कारण होते, पण ते एकटे नव्हते. दु:खात असलेल्या माणसाला एकच शत्रू पुरतो, हे मी समजू शकतो. शिक्षकाने मात्र मुलांना एवढ्यावर सोडू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देशांनी आपली दारे उघडली, जकाती कमी केल्या, माल मोकळेपणाने येऊ-जाऊ दिला, तर जगातल्या गरिबाचे भले होते का?

होते असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक मोठा आकडा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. जागतिक बँकेच्या दररोज २.१५ डॉलरच्या रेषेने मोजले तर १९९० साली जगातील सुमारे ३८ टक्के माणसे अत्यंत गरीब होती. २०१९ साली हे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळजवळ २०० कोटी माणसांवरून ही संख्या ७० कोटींच्या आत आली. (२०२५ साली बँकेने ही रेषा ३ डॉलरवर नेली, त्यामुळे नव्या अहवालांतील आकडे वेगळे दिसतील.) एका पिढीच्या आयुष्यात एवढी माणसे उपासमारीतून वर आल्याचे उदाहरण इतिहासात नाही, आणि याच काळात जगाचा व्यापार प्रचंड वाढला.

परंतु यात फार मोठा वाटा एकट्या चीनचा आहे. आणि चीनने मुक्त व्यापाराचा धडा पुस्तकाप्रमाणे गिरवलेला नाही. आधी जमिनीचे वाटप झाले, खेड्यापाड्यांत शाळा आणि दवाखाने पोहोचले. मग १९७८ नंतर दार उघडले, तेही आपल्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढेच. जागतिक व्यापार संघटनेत चीन २००१ च्या डिसेंबरात गेला. तोपर्यंत त्याच्या कारखान्यांच्या अंगात ताकद आली होती.

मुक्त व्यापाराचा उपदेश करणाऱ्यांचा स्वत:चा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ढाक्याची मलमल आणि आपल्याकडचे छापील सुती कापड इंग्लंडच्या बायकांना इतके आवडू लागले की तिथल्या विणकरांनी दंगे केले. तेव्हा इंग्लंडने काय केले? १७०० आणि १७२१ साली कायदे करून अशा कापडाच्या आयातीवर आणि वापरावर बंदी घातली. लँकेशायरच्या गिरण्या वाफेवर धावू लागल्या, जगाला हरवण्याइतक्या मजबूत झाल्या, तेव्हा त्याच इंग्लंडला मुक्त व्यापाराचे तत्त्व पटले. ढाक्याच्या विणकरांची पुढे काय दशा झाली ते आपण इतिहासाच्या तासाला शिकतो.

त्या मुलीने प्रश्न विचारला तो याच ढाक्याहून आलेल्या शर्टाबद्दल. म्हणून आपण बांगलादेशाची हकीकत जरा सविस्तर पाहू. मुक्त व्यापाराने गरिबाचे काय होते हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

१९७१ साली तो देश जन्मला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. विकायला ताग होता, आणि तागाला मागणी कमी होत चालली होती. अशा देशात कपड्यांचे कारखाने कसे आले? गंमत अशी की ते मुक्त व्यापाराने आले नाहीत, व्यापारावरच्या बंधनामुळे आले! श्रीमंत देशांनी १९७४ साली 'मल्टी-फायबर अरेंजमेंट' नावाचा करार करून गरीब देशांच्या कपड्यांवर कोटा बसवला. अमक्या देशाने एवढेच शर्ट पाठवायचे, जास्त नाही. दक्षिण कोरियाचा कोटा भरला. बांगलादेशाचा मोकळा होता, कारण तिथे शर्टच शिवले जात नव्हते. तेव्हा कोरियाच्या देवू कंपनीने चितगावच्या देश गारमेंट्स या कंपनीशी करार केला. देश गारमेंट्सचे संस्थापक नुरुल कादेर हे माजी सनदी अधिकारी. १९७९ साली त्यांनी सुमारे १३० कामगार आणि व्यवस्थापक कोरियातील पुसान येथे शिकायला पाठवले. त्यांत स्त्रियाही होत्या.

मशीन कसे लावायचे, कापड कसे वाया जाऊ द्यायचे नाही, एका शर्टाचे काम रांगेतल्या अनेक हातांत कसे वाटायचे, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार कसा करायचा, हे सारे ते शिकून आले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण देश गारमेंट्स सोडून गेले. कोणी स्वत:चा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात गेले. कंपनीचे नुकसान झाले, पण देशात विद्या पसरली. परदेशातून आलेले यंत्र गंजते, माणसाच्या हातात आलेले हुनर दुसऱ्या हातात जाते. विद्यार्थी मित्रांनो, हा भाग परीक्षेत येणार नाही, तरी लक्षात ठेवा.

सरकारनेही दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. निर्यातीसाठी लागणारे कापड जकात न भरता गोदामात उतरवू दिले. आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या तारणावर कारखानदाराला कच्च्या मालासाठी दुसरे पतपत्र मिळू लागले. म्हणजे भांडवल नसलेला माणूसही कारखाना चालवू शकला. २००१ साली युरोपने अतिगरीब देशांना शस्त्रे सोडून सर्व मालावर जकात माफ केली. २००५ च्या १ जानेवारीला कोटा पद्धत संपली. तेव्हा पुष्कळांनी भाकीत केले होते की आता चीन बांगलादेशाला गिळणार. तसे झाले नाही. २०२४-२५ साली त्या देशाने सुमारे ३९ अब्ज डॉलरचे कपडे निर्यात केले. आज सुमारे ४० लाख लोक या धंद्यात आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. पूर्वी तर हे प्रमाण फारच जास्त होते.

या पैशाने गरिबी हटली का? त्या देशाच्या स्वत:च्या मोजणीप्रमाणे २००० साली ४८.९ टक्के लोक गरीब होते, २०१० साली ३१.५ टक्के आणि २०२२ साली १८.७ टक्के. सगळे श्रेय कारखान्यांना देता येणार नाही. आखातात आणि मलेशियात राबणाऱ्या त्यांच्या माणसांनी पाठवलेला पैसा आहे, भाताचे वाढलेले पीक आहे. आखातातून आलेल्या पैशाने घर कसे उभे राहते हे कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांना मी काय सांगावे! पण कारखान्यांचा वाटा नाकारणे हाही अन्याय होईल.

पालकांनी, विशेषत: मुलींच्या पालकांनी, पुढचा भाग नीट ऐकावा. बांगलादेश सरकारने १९९४ सालापासून खेड्यांतील माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींना विद्यावेतन सुरू केले. अट अशी की हजेरी ७५ टक्के हवी, ठरावीक गुण हवेत आणि मुलगी अविवाहित असावी. योजना चांगलीच होती. रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ढाक्याजवळच्या खेड्यांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की ज्या गावांतून कपड्यांच्या कारखान्यात रोज जाता येते त्या गावांतील मुलींची लग्ने उशिरा होतात, मुले उशिरा होतात आणि लहान मुली शाळेत जास्त टिकतात. सरकारी विद्यावेतनापेक्षा या नोकऱ्यांचा परिणाम कितीतरी मोठा होता. कारण कारखान्यात वाचता येणाऱ्या आणि हिशेब येणाऱ्या मुलीला चांगले काम मिळते, हे बापाला डोळ्यांनी दिसत होते. आपण मेळाव्यातून "मुलींना शिकवा" म्हणून कंठशोष करतो. तिथे पगाराने ते काम मुकाट्याने केले.

हे ऐकून कोणाला वाटेल की मी कारखानदारांची तरफदारी करतो आहे. थांबा, अजून हकीकत संपलेली नाही.

त्या कारखान्यांत लहान मुलेही कामाला होती. १९९२ साली अमेरिकेत टॉम हार्किन नावाच्या सिनेटरांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. त्यांचा हेतू शुद्धच होता. विधेयक मंजूर व्हायच्या आधीच कारखानदार घाबरले आणि त्यांनी सुमारे ५०,००० मुलांना काढून टाकले. ती मुले शाळेत गेली असतील असे आपल्याला वाटते. युनिसेफने १९९७ च्या अहवालात नोंदले आहे की त्यांतली पुष्कळशी दगड फोडायला गेली, रस्त्यावर विक्री करू लागली. काही मुली तर वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या. मुलाच्या हातातले काम काढून घेतले, पण शाळा आणि घरातली भाकरी यांची सोय कोणी केली नव्हती. पुढे १९९५ च्या जुलैत कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला. शाळा काढल्या, मुलांना थोडे विद्यावेतन ठरवले, आणि शाळेत जागा झाल्याशिवाय मुलाला काढायचे नाही असे ठरले. ही अक्कल तीन वर्षे आधी सुचली असती तर? आपल्या शाळेतही सुट्टीनंतर न परतणारी मुले असतात, म्हणून मी यावर थोडा रेंगाळलो.

आणि मग २०१३ सालची ती गोष्ट. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकाने आणि एक बँक, वर पाच कपड्यांचे कारखाने. वरचे मजले बेकायदा चढवलेले. २३ एप्रिल रोजी भिंतींना आणि खांबांना तडे गेले. तपासायला आलेल्या अभियंत्याने इमारत धोक्याची ठरवली. बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवले. दुकाने बंद राहिली. दुसऱ्या दिवशी, २४ एप्रिलला सकाळी, कारखान्यांच्या कामगारांना मात्र आत बोलावले. माल वेळेवर जहाजावर चढवायचा होता. अनेकांना सांगण्यात आले की आत आला नाहीत तर पगार कापू. त्या गर्दीत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि नऊ वाजण्याच्या सुमाराला इमारत खाली बसली. १,१३४ माणसे मेली. जखमी झालेली सुमारे अडीच हजार, त्यांतल्या कित्येकांचे हातपाय कापावे लागले. त्यापूर्वी पाचच महिने आशुलियाच्या ताजरीन कारखान्याला आग लागून निदान ११२ माणसे गेली होती. तिथे बाहेर जाण्याचे मार्ग कुलूपबंद होते.

मी ही हकीकत वाचली तेव्हा माझे मन एका ठिकाणी अडकले. इमारत एकच, तडे तेच, सूचना तीच. बँकेचा कारकून घरी राहू शकला आणि शिवणारी बाई राहू शकली नाही. बाईलाही तडे दिसत होते, तिला काय जीव नकोसा झाला होता? पण महिनाअखेरीचा पगार गेला तर घरभाडे कुठून द्यायचे, आणि चौघींनी मिळून "आम्ही आत जाणार नाही" म्हणायला तिच्यामागे संघटना नव्हती. ढाक्यात शिवलेला शर्ट युरोपात बिनजकात पोहोचवण्याची व्यवस्था जगाने केली होती. तो शिवणाऱ्या बाईला सकाळी दारातून मागे फिरता येईल अशी व्यवस्था कोणी केली नव्हती.

या घटनेनंतर जगात लाज पसरली, आणि लाजेतून का होईना काही कामे झाली. मे २०१३ मध्ये जागतिक कामगार संघटना आणि परदेशी कपडेकंपन्या यांच्यात इमारत आणि आग-सुरक्षेचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. तो कायद्याने बंधनकारक होता, हे महत्त्वाचे. नुसत्या सदिच्छेचे पत्रक नव्हते. सुमारे १,६०० कारखाने तपासले गेले, कुलूपबंद दारे बदलली, जिने बांधले, वाईट इमारती बंद केल्या. त्याच वर्षी किमान वेतन ३,००० टाकांवरून ५,३०० टाका झाले, २०१८ साली ८,००० आणि २०२३ साली १२,५००. यातला प्रत्येक आकडा रस्त्यावर उतरून, काठ्या खाऊन मिळाला आहे. २०२३ साली कामगारांची मागणी २३,००० ची होती, हेही सांगायला हवे. आणि २०२० साली कोरोना आला तेव्हा त्याच परदेशी गिऱ्हाइकांनी तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या रद्द केल्या किंवा थांबवल्या. काही माल तर शिवून तयार होता.

दार उघडले की गरिबाला निदान नोकरी तरी मिळते, असा समज करून घेऊ नये. हैती नावाचा एक छोटा देश कॅरिबियन समुद्रात आहे. तिथले शेतकरी भात पिकवत. १९९५ साली बाहेरच्या दबावाखाली त्या देशाने तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आणली. अमेरिकेचा तांदूळ आला. त्या तांदळाच्या शेतकऱ्याला त्याचे सरकार अनुदान देत होते, हैतीच्या शेतकऱ्याला कोणी देत नव्हते. शहरातल्या गरिबाला काही काळ तांदूळ स्वस्त मिळाला, खेड्यातला गरीब शेत सोडून शहरात आला, आणि तिथे त्याला घ्यायला पुरेसे कारखाने नव्हते. २०१० च्या मार्चमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की हे धोरण चूक होते. आपल्या आर्कान्सासमधील काही शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण हैतीला नाही. कबुली प्रामाणिक होती. भाताची शेते परत आली नाहीत.

म्हणजे बांगलादेशात दुसऱ्याने दार उघडले आणि गरीब वर आला; हैतीत स्वत:चे दार उघडायला लावले आणि गरीब खाली गेला. "मुक्त व्यापार" हा शब्द दोन्हीकडे एकच. म्हणून कोणी मला विचारले की तू मुक्त व्यापाराच्या बाजूचा की विरुद्ध, तर मी उलट विचारतो: कोणाचे दार, कोणत्या मालासाठी, आणि आतल्या माणसाच्या हातात तेव्हा काय होते?

श्रीमंत देशांचे दार तर त्यांच्या मर्जीवर उघडते. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने बांगलादेशाच्या मालावर ३७ टक्के जादा जकात जाहीर केली. बोलणी होऊन ऑगस्टमध्ये ती २० टक्के ठरली. ढाक्यातल्या शिवणाऱ्या बाईने त्यात काही गुन्हा केला नव्हता.

आता आपल्या दाराविषयी. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा भारताने बांगलादेशाच्या ४६ प्रकारच्या वस्त्रमालावरील जकात माफ केली, आणि त्याच वर्षी पुढे जवळजवळ सगळ्याच मालावरची. तेव्हापासून ते शर्ट आपल्या बाजारात येऊ लागले. आपल्याकडच्या कापडधंद्याची तक्रार अशी की चीनचे कापड बांगलादेशात शिवून बिनजकात आपल्याकडे येते. या तक्रारीत तथ्य आहे. पण हेही पाहा की बांगलादेशाच्या एकूण कपडे-निर्यातीत भारताचा वाटा अगदी थोडा आहे, आणि तो देश आपल्याकडून कापूस आणि सूत विकत घेणारे मोठे गिऱ्हाईक आहे. १७ मे २०२५ रोजी भारत सरकारने ठरवले की बांगलादेशाचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने येणार नाहीत, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येतील. म्हणजे त्या मुलीच्या भावाचा पुढचा शर्ट बहुधा आपल्याच रायगड जिल्ह्यात उतरेल!

मी तिला नंतर बोलावून घेतले आणि हे सारे सांगितले. तुझ्या अब्बांचे लूम एकट्या बांगलादेशाने बंद केले नाहीत, पण तुझा प्रश्न चुकीचा नव्हता, माझे उत्तर चुकीचे होते, असे म्हटले. तिने विचारले, "तिकडची ती बाई आणि आमचे अब्बा, दोघंही गरीब. मग मी कोणाच्या बाजूने?" मी म्हटले, दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा हिशेब आधी तपासू. अब्बा सध्या काय करतात?

भिवंडीच्या आसपास ज्यांनी गेल्या काही वर्षांत प्रवास केला असेल त्यांनी पाहिले असेल. लूमच्या शेडी कमी झाल्या आणि गोदामे वाढली. साऱ्या जगाचा माल तिथे उतरतो आणि मुंबईत वाटला जातो. तिचे वडील अशाच एका गोदामात ठेकेदारामार्फत रात्रपाळीला खोकी उचलतात. माग गेला तोही जगाच्या व्यापारात, आणि खोकी आली तीही जगाच्या व्यापारात. पगार लूमपेक्षा थोडा जास्त आहे. पण पगाराची चिठ्ठी मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी पैसे कापतात असे ठेकेदार सांगतो, पण खाते क्रमांक दिलेला नाही. वडील विचारत नाहीत, कारण विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाळी मिळत नाही.

मी तिच्या घरी गेलो. वडिलांनी आधी, "सर, आपल्याला कशाला भानगड" असे म्हटले, आणि मला ते समजले. माझ्या अब्बांनीही हेच म्हटले असते. मग मुलीनेच वही काढली. किती तारखेपासून कामाला आहात, रोज किती तास, दर महिन्याला हातात किती, कापले किती, असे रकाने तिने आखले आणि वडिलांना विचारून भरायला सुरुवात केली. शेजारचे दोघे त्याच गोदामात आहेत. त्यांनीही आपापले आकडे सांगितले. तिघांचे कापलेले पैसे सारखे नव्हते. तिघांपैकी कोणालाच आजवर हे माहीत नव्हते.

ती मुलगी या वर्षी अकरावीला वाणिज्य शाखेत आहे. वही अजून चालू आहे. आता त्यात सात जणांची नावे आहेत, आणि पुढच्या महिन्यात ती घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचे ठरले आहे. पालकांपैकी कोणाला या कामाची माहिती असेल तर मला शाळेत येऊन भेटावे.